आजी-आजोबा होण्याची घाई नको

(नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा-धडगाव भागातल्या पालकांच्या सभेत केलेले भाषण)



आजचा विषय आहे वयात येणारी आपली मुलं. त्याला मी नातवंडांचा विषय जोडणार आहे. तुम्ही म्हणाल, "पोरगी आत्ता नववीत आहे, नातवंडांचं काय काढलंत?" पण आपल्या डोंगरात हे अंतर फार थोडं असतं. सोळाव्या वर्षी लग्न झालेली मुलगी सतराव्या वर्षी आई होते आणि तिची आई पस्तिशीतच आजी होते. म्हणून हे आजच बोललं पाहिजे.

आपली बरीच मुलं आश्रमशाळेत राहतात. दिवाळीच्या सुट्टीत घरी येतात तेव्हा उंची वाढलेली असते, आवाज फुटलेला असतो, आणि आईबापाशी बोलणं कमी झालेलं असतं. मोबाईल हातातून सुटत नाही. काही विचारलं तर "काही नाही" एवढंच उत्तर. आपल्याला राग येतो. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आठवा. बारा वर्षांचा येशू तीन दिवसांनी मंदिरात सापडला. मरीयेने त्याला आपल्या जिवाची घालमेल सांगितली, प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर ऐकून घेतलं. ते उत्तर आईबापांना कळलं नाही, असंही तिथे स्पष्ट लिहिलं आहे. तरी मरीयेने ते सगळं मनात जपून ठेवलं. मुलांचं सगळंच आपल्याला कळेल असं नाही. पण ऐकून तर घेता येतं. घरात कोणी ऐकत नसेल, तर मूल ऐकणारं माणूस बाहेर शोधतं.

मग पालकांना भीती वाटते. मुलगी कोणाशी बोलताना दिसली, की नातेवाईक सांगतात, "पळून जाण्याआधी लग्न लावून टाका." एक आई मला म्हणाली, "ताई, लग्न झालं की माझी काळजी मिटली." मी तिला विचारलं, "काळजी मिटली, की पोरीच्या पदरात गेली?" ती बराच वेळ गप्प बसली.

२००६ च्या कायद्याप्रमाणे मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा झाल्याशिवाय लग्न लावता येत नाही. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं दिसलं. पंचांनी बसून देज ठरवलं, तरी कायदा बदलत नाही. आणि शरीरही बदलत नाही. जिची स्वतःचीच वाढ चालू आहे, जिच्या अंगात रक्त कमी आहे, तिच्या पोटातलं बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका जास्त असतो. मग कुपोषित नातवंड मांडीवर घेऊन आजी दवाखान्याच्या फेऱ्या मारते. दोन-चार वर्षं थांबलो असतो तर, असं तेव्हा म्हणून उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. आपल्या भिल्ल, पावरा समाजात हा आजार आहे. वाहक माणूस धडधाकट दिसतो, शेतात राबतो, त्याला पत्ताही नसतो. पण आई आणि बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी मोफत होते. मुलगा-मुलगी शाळेत असतानाच ती करून घ्या, मिळालेलं कार्ड जपून ठेवा, आणि लग्न ठरवताना दोन्ही घरांनी ती कार्डं समोर ठेवा. यात लाज कसली? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कोणाचं? प्रभूने तो विचारच खोडून काढला. आजार हा कोणाच्या पापाचा हिशोब नाही.

आता ऊसतोडीचं. मुकादमाची उचल घेतलेली असते. दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातेत जावं लागतं, ते होळीपर्यंत. मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळायला सोबत जाते आणि तिची शाळा सुटते. शाळा सुटली की लग्नाची बोलणी सुरू होतात. इथे मला सभेतल्या आजी-आजोबांना हात जोडून विनंती करायची आहे. तुमचं घर उघडं ठेवा. धाकट्या नातवंडांना जवळ घ्या, म्हणजे मोठी शाळेत राहील. वसतिगृहात जागा मिळते का, याची चौकशी आईबापांनी निघण्याआधीच करावी. आणि मंडळीतल्या आपण बाकीच्यांनी महिन्यातून एकदा त्या आजीच्या दारात जावं. नुसती प्रार्थना करायला नाही, घरात धान्य आहे का तेही पाहायला. कुठे बालविवाह ठरत असल्याचं कळलं, तर १०९८ या क्रमांकावर कळवता येतं. शेजाऱ्याशी वैर होईल म्हणून गप्प बसू नका.

तीमथ्याला लिहिताना पौल त्याच्या विश्वासाचा उगम सांगतो : आधी आजी लोईस, मग आई युनीके. विश्वास असा पिढीपिढीतून उतरला. शहाणपणही असंच उतरतं. आज आपण पंधरा वर्षांच्या मुलीला शिकू दिलं, मुलाचं बोलणं रागावल्याशिवाय ऐकलं, तर उद्या तीच मुलं आपल्या लेकरांना तसं वाढवतील. नातवंडं येतील, अवश्य येतील. त्यांची आई शिकलेली, अंगाने भरलेली आणि स्वतःच्या मर्जीने लग्न केलेली असू द्या. तोपर्यंत आपल्याला धीर धरता यावा, अशी प्रभूकडे प्रार्थना करू या. आमेन.