बैल पारखता, तसाच ट्रॅक्टर पारखा

मढीच्या कानिफनाथ यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, तो आपल्या तिसगाव भागातल्या बहुतेकांनी पाहिलेला आहे. तिथे गिऱ्हाईक काय करते? जबडा उघडून दात पाहते, खूर पाहते, जनावर चार पावले चालवून पाहते. घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायचा झाला तर आपण एखादा जाणता माणूस बरोबर नेतो. मनासारखा बैल मिळाला नाही तर रिकाम्या हाताने परत येतो. मग बैलाच्या कितीतरी पट किमतीचा ट्रॅक्टर घेताना ही पारख कुठे जाते? आज त्याविषयी बोलणार आहे.

मोठी खरेदी माणूस नुसत्या हिशेबावर करत नाही. शेजारच्या वस्तीवर ट्रॅक्टर आला की आपल्यालाही वाटू लागते. भावकीत चढाओढ असते. पाडवा नाहीतर दसरा जवळ आला की मुहूर्त साधायची घाई होते. मुलाची सोयरीक बघताना पाहुणे विचारतात, "दारात ट्रॅक्टर आहे का?" त्यात विक्रेता म्हणतो, "थोडेच पैसे भरा, बाकीचे कर्ज आम्ही करून देतो." यातले कुठलेच कारण खोटे नाही. पण आपल्या रानाला ट्रॅक्टरची गरज किती, हे यातले एकही कारण सांगत नाही. ते सांगतात कामाचे तास.

तासांचा हिशेब

ट्रॅक्टरचा हिशेब मांडताना त्याचे आयुष्य साधारण १० वर्षे आणि वर्षाला १,००० तास काम असे धरतात. आता उदाहरणादाखल ट्रॅक्टर ८ लाखांना पडला असे समजू. दहा वर्षांनी त्याचे ८० हजार आले, तर दर वर्षाची झीज ७२ हजार रुपये. गुंतलेल्या पैशाचे व्याज सरासरीने सुमारे ५३ हजार. विमा आणि शेड मिळून १५ हजार धरा. झाले १ लाख ४० हजार. ट्रॅक्टर दारात नुसता उभा राहिला तरी एवढा खर्च वर्षाला चढतोच. डिझेल, ऑईल, दुरुस्ती आणि ड्रायव्हरचा पगार यात धरलेला नाही.

पाच एकराचा शेतकरी घ्या. नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी, वाहतूक धरून एकरी १२ तास काम निघाले, तर वर्षाचे ६० तास होतात. म्हणजे तासाला सुमारे २,३३० रुपये नुसता उभा खर्च! तोच ट्रॅक्टर ५०० तास चालला तर हा खर्च २८० रुपयांवर येतो, आणि १,००० तास चालला तर १४० रुपयांवर. आता गावातला भाड्याचा दर शेजारी लिहा आणि तुम्हीच ताळा करा.

उरलेले तास भाड्याच्या कामातून भरायचे असतील तर आधी चौकशी करा. गावात ट्रॅक्टर किती आहेत? भाड्याची उधारी कधी वसूल होते? आपला पाथर्डी तालुका अवर्षणप्रवण. पाऊस लांबला की सगळ्यांचे काम एकदमच थांबते, हप्ता मात्र थांबत नाही. तास भरत नसतील तर भाड्याने काम करून घेणे किंवा दोघातिघांनी लेखी करार करून सामाईक घेणे यात कमीपणा नाही. सोयरिकीसाठी घेतलेल्या ट्रॅक्टरचा हप्ता शेवटी नव्या सुनेच्या संसारातूनच जातो, हेही ध्यानात घ्यावे.

कर्ज घेताना

"व्याज फक्त ८ टक्के" असे कुणी म्हणाले तर लगेच विचारा, की हे घटत्या शिल्लकेवर की सरळ मूळ रकमेवर? ६ लाख रुपये ५ वर्षांसाठी घेतले आणि व्याज सरळ मूळ रकमेवर लावले, तर २ लाख ४० हजार व्याज होते. तेच ८ टक्के घटत्या शिल्लकेवर, सहामाही हप्त्याने फेडले, तर व्याज १ लाख ४० हजारांच्या आसपास बसते. एका प्रश्नात लाखाचा फरक! हप्त्याचे महिने कांदा, कापूस, तूर यांचे पैसे हाती येतात त्या महिन्यांशी जुळवून घ्या. सातबाऱ्यावर बोजा चढणार असेल तर घरच्या कारभारणीलाही कागद वाचून दाखवा आणि मगच सही करा.

अनुदान आणि स्वस्ताई

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चांगलेच झाले. पण किंमत उतरली म्हणून आपल्या रानातले तास वाढत नाहीत. अनुदान हवे असेल तर महाडीबीटीवर अर्ज करा आणि पूर्वसंमतीचे पत्र हाती आल्यावरच खरेदी करा. आधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही. शिवाय ते पैसे खरेदीनंतर, तपासणी होऊन खात्यावर जमा होतात. तेव्हा आधी पूर्ण रकमेची सोय लागते.

पारख कशी करावी

१. इंजिनाच्या हॉर्सपॉवरबरोबर पीटीओची हॉर्सपॉवरही विचारा. रोटाव्हेटर आणि मळणीयंत्र तिच्यावर चालते.

२. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात ताकद, ओढ आणि डिझेलचा खर्च दिलेला असतो. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा.

३. ट्रॅक्टर आपल्याच रानात चालवून पाहा. काळ्या रानात वेगळा अनुभव येतो, मुरमाड बरडात वेगळा.

४. सुटे भाग आणि मिस्त्री तिसगाव-पाथर्डीत मिळतो का? पेरणीच्या वाफशात ट्रॅक्टर आठ दिवस उभा राहिला तर हंगाम जातो.

५. तोच ट्रॅक्टर दोन-तीन वर्षे वापरणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा अनुभव विचारा. ज्याने कालच हार घातला, तो कौतुकच करणार.

६. भेट म्हणून मिळणाऱ्या वस्तूंवर भुलू नका. तेवढ्याची सूट बिलात मागा.

मंडळी, दुकानात जाण्याआधी घरी बसून एका कागदावर तीनच आकडे लिहा : आपले वर्षाचे तास, गावातला भाड्याचा दर आणि वर्षाचा हप्ता. हिशेब बसला तर खुशाल पाडव्याला ट्रॅक्टर आणा आणि पूजा करा. नाही बसला तर तो कागद जपून ठेवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा मांडा. अधिक माहितीसाठी दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्र, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ किंवा आपल्या गावचे सहाय्यक कृषी अधिकारी यांना जरूर भेटावे.