पिशवी काढली म्हणजे काय काय काढलं?



वैद्यकातल्या प्रत्येक इंग्रजी संज्ञेला संस्कृत प्रतिशब्द घडवावा, असा ठराव मघाशी याच व्यासपीठावर टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. अध्यक्ष या नात्याने मी त्याला माझा विरोध नोंदवतो. असल्या ठरावांनी रुग्णाच्या पदरात आजवर काही पडलेलं नाही आणि पुढेही पडणार नाही.

बीड जिल्ह्याकडे बघा. तिथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली विधिमंडळात गाजला. सरकारी पाहणीत 13 हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढल्याची नोंद झाली. या बायका सांगतात, 'पिशवी काढली'. डिस्चार्ज कार्डावर मात्र कधी एक शब्द असतो, कधी दोन. हिस्टरेक्टॉमी म्हणजे गर्भाशय काढलं. त्याच्या शेजारी ऊफोरेक्टॉमी लिहिलं असेल, तर अंडाशयही काढलं. तरुण वयात दोन्ही अंडाशयं गेली की पाळी जातानाचे त्रास एकदम अंगावर येतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईला ही गोष्ट कळायलाच हवी. 'पिशवी काढली' एवढ्यावर भागवलं, की ती कळत नाही.

आता हे दोन शब्द उकला. ग्रीकमध्ये हिस्टेरा म्हणजे गर्भाशय. ऊऑन म्हणजे अंडं, फोरोस म्हणजे वाहून नेणारं. एक्टोमी म्हणजे कापून बाहेर काढणं. गावातल्या आशा आरोग्यसेविकांना हे एका दुपारात शिकवता येईल, आणि मग गावातला कुठलाही कागद त्या वाचून दाखवतील. त्याऐवजी तुम्ही 'अंडाशयोच्छेदन' घडवणार. ते त्या बाईलाही कळणार नाही आणि तिच्या कागदावरही कधी येणार नाही. मध्य प्रदेशने 2022 साली एमबीबीएसची पाठ्यपुस्तकं हिंदीत काढली, तेव्हा बहुतेक संज्ञा तशाच ठेवून देवनागरीत लिहिल्या. शहाणपणाचंच केलं. कावीळ, गोवर, दमा, गालगुंड हे आपले शब्द आहेत, ते सोडायचं कारण नाही. पण जिथे शब्द नाही, तिथे परक्या कोड्याच्या जागी घरचं कोडं ठेवणं ही भाषासेवा नव्हे.

ग्रीकपुढे हात जोडून उभे राहणाऱ्यांनाही सांगतो, यातल्या असंख्य संज्ञा प्राचीन नाहीतच. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय डॉक्टरांनी त्या जुळवल्या. बर्लिनच्या रुडॉल्फ विर्शोने 1845 साली एका रक्तविकाराला साध्या जर्मनमध्ये 'पांढरं रक्त' म्हटलं. दोन वर्षांनी त्यानेच त्याला ल्युकेमिया हे नाव दिलं. ल्युकोस म्हणजे पांढरं, हायमा म्हणजे रक्त. अर्थ तसूभरही बदलला नाही, फक्त तो सामान्य माणसाच्या नजरेआड गेला. आणि हे शब्द आपल्याला इतके परकेही नाहीत. ऑस्टिऑन आणि अस्थी, हेपार आणि यकृत, गोनू आणि जानू हे एकाच घराण्यातले आहेत. शाळेत संस्कृत शिकवणाऱ्यांनी हे मुलांना का सांगू नये?

सभागृहात डॉक्टर मंडळी पुष्कळ आहेत. तुमच्याशी मी स्पष्टच बोलतो. 'पेशंटला समजत नाही' हे तुमचं वाक्य मला मान्य नाही, तुम्ही समजावत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली एका दिल्लीकर स्त्रीच्या खटल्यात निकाल दिला. तिने मुख्यतः दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती, आणि ती भुलीखाली असताना तिचं गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती ही संमतीच नव्हे, असं न्यायालयाने बजावलं. तरीही भूल देण्याच्या तोंडावर घाईघाईने सह्या आणि अंगठे घेतले जातात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

म्हणून मी पर्यायी ठराव मांडतो. ग्रीक नाव राहू द्या. संमतिपत्रावर आणि डिस्चार्ज कार्डावर त्याच्याखाली दोन ओळी मराठीत लिहा: काय काढलं, काय ठेवलं, पुढे कशाची काळजी घ्यायची. अशा शंभर ग्रीक मूळशब्दांची एक छोटी पुस्तिका साहित्य संस्थांनी छापावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत फुकट वाटावी. आणि तुम्ही श्रोत्यांनी आज घरी गेल्यावर आई, बहीण, वहिनी यांच्यापैकी जिची शस्त्रक्रिया झाली असेल तिचा कागद मागून घ्या. त्यावर ऊफोरेक्टॉमी हा शब्द आहे का ते बघा, आणि असेल तर तिला घेऊन हाडांच्या तपासणीला जा.