जसा विद्यार्थी तसा पाठ

धारच्या भोजशाळेतील स्तंभांवर परमारकालीन दोन सर्पबंध कोरलेले आहेत. एका नागाच्या वेटोळ्यांत संस्कृत वर्णमाला व प्रत्यय, तर दुसऱ्यात दहा लकारांचे प्रत्यय आहेत. पाषाण सर्वांस सारखाच पाठ दाखवितो. कोण कोठे अडला, हे मात्र गुरूनेच पाहावयाचे असते.

धार व देवास ही पवारांची संस्थाने १९४८ साली मध्यभारतात विलीन झाली. तेथील मराठी घरांतील मुले आज बहुधा हिंदीतून शिकतात. दासबोध हाती घेताना त्यांची अडचण एकसारखी नसते. एकास ओव्या ऐकून पाठ असतात, परंतु अक्षर ओळखता येत नाही. त्याने पाठ ओवीचेच शब्द पोथीत शोधावे. दुसरा देवनागरी अस्खलित वाचतो, परंतु ‘ळ’पाशी अडतो, ‘मन को’ असे सुटे वाचण्याची सवय असल्याने ‘मनास’ हा शब्द त्यास परका वाटतो. त्याला प्रत्यय उकलून दाखवावा. तिसऱ्यास केवळ जोडाक्षरे थांबवितात. त्याच्याकडून पुन्हा बाराखडी गिरवून घेणे म्हणजे चालत्यास रांगावयास लावणे होय.

शिकविणाऱ्याने शिकणाऱ्याच्या कलाने हळूहळू न्यावे, हा श्रीसमर्थांचा उपदेश आहे. अडखळणाऱ्या मुलास चारचौघांत हसले, तर तो पोथीपासून दुरावतो, आणि त्या घरातील नित्यवाचन त्याच्या पिढीत खुंटते. यास्तव प्रत्येक मुलाचे वाचन प्रथम एकट्याने ऐकावे, मगच पाठ नेमून द्यावा.