हजार खिडक्यांचे बेरात



आल्बानियातले बेरात हे ओसूम नदीकाठचे लहानसे शहर मी पाहून आले. उतारावर पांढरी घरे एकावर एक, साऱ्यांच्या खिडक्या नदीकडे. म्हणून त्याला हजार खिडक्यांचे शहर म्हणतात. मोजू लागले, पण मान दुखली!

किल्ल्यात अजून संसार चालतात, दोरीवर कपडे वाळतात. आपले बहुतेक किल्ले ओस, म्हणून मला त्याचे फार अप्रूप वाटले.

येथे सहाव्या शतकातली, जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी अक्षरांची शुभवर्तमानाची पोथी होती. दुसऱ्या महायुद्धात तिच्या राखणदारांनी ती जर्मनांपासून लपवली. पुढे १९६७ साली सरकारने धर्मावरच बंदी घातली. तरीही पोथी टिकली. आता ती राजधानी तिरानात आहे.

किल्ल्यातल्या एका आजींकडून विणलेला रुमाल घेतला. भाव मात्र केला नाही.