जपानी उदबत्ती आणि सुगंधी काष्ठे



पगारवाढ, बोनस आणि टाळेबंदी यांवर बोलणाऱ्या माणसाने आज सुगंधावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु नाक हे कामगाराचे हत्यार आहे. मोटारीचे वाइंडिंग जळू लागले की जुन्या कामगाराच्या नाकाला ते आधी कळते, यंत्र बंद पडते ते नंतर. प्रश्न एवढाच की, हे नाक धोका ओळखण्यापुरतेच वापरायचे, की सुखासाठीही? आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, अशी दिवसाची वाटणी कामगार चळवळीने केली, आणि आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ साली शिकागोत संप झाला. पहिल्या दोन वाट्यांविषयी आम्ही पुष्कळ बोलतो. तिसऱ्या वाट्याचे करायचे काय, याविषयी फार थोडे बोलतो. आजचे व्याख्यान त्या तिसऱ्या वाट्याचे आहे. आम्ही जपान पाहिलेला नाही. मिळाली ती पुस्तके वाचली आणि मिळाल्या त्या काड्या लावून पाहिल्या, एवढीच आमची शिदोरी.

प्रथम थोडा इतिहास. ‘निहोन शोकी’ हे जपानचे जुने इतिवृत्त ७२० साली पुरे झाले. त्यात अशी नोंद आहे की, ५९५ साली आवाजी बेटाच्या किनाऱ्याला एक मोठे लाकूड वाहत येऊन लागले. लोकांनी ते सरपण म्हणून चुलीत घातले. धुराचा दरवळ दूरवर पसरला, तेव्हा त्यांनी नवल करून ते लाकूड दरबाराला नजर केले. ते लाकूड अगरूचे होते. म्हणजे पहिला सुगंध घेतला तो चुलीपाशी बसलेल्या माणसांनी; मालकी मात्र दरबाराची झाली.

पुढे सुगंध हे सत्तेचे चिन्ह बनले. नारा येथील शोसोइन या प्राचीन भांडारात ‘रान्जाताई’ नावाचा अगरूचा ओंडका आहे. लांबी सुमारे दीड मीटर, वजन ११.६ किलो. ओदा नोबुनागा या सेनापतीने १५७४ साली त्याचा तुकडा कापून घेतला. १८७७ साली सम्राट मेइजीनेही घेतला. देशावर हुकमत कोणाची, हे त्या तुकड्याने जगाला सांगायचे!

आम्हाला मात्र दुसरी दोन लाकडे अधिक मोलाची वाटतात. होर्यूजी मंदिरातले हे चंदनाचे तुकडे आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांवर पहलवी लिपीत कोरलेली अक्षरे आहेत, सोग्दी भाषेतला डागून उठवलेला शिक्का आहे आणि शाईने लिहिलेली ७६१ सालची नोंद आहे. दक्षिणेकडच्या रानातले लाकूड, त्यावर इराणी आणि मध्य आशियाई व्यापाऱ्यांच्या खुणा, आणि मुक्काम जपानच्या मंदिरात. रान्जाताईच्या कथेत राजे दिसतात. येथे माल हाताळणारी माणसे दिसतात.

आता या काष्ठांची ओळख करून घेऊ. जपानी धुपाचा पाया दोन लाकडांचा: चंदन, ज्याला तेथे ‘ब्याकुदान’ म्हणतात, आणि अगरू, म्हणजे ‘जिनको’. चंदन आपल्या देवघरातलेच. म्हैसूरकडच्या चंदनाला जपानी बाजारात फार मान आहे. अगरूची गोष्ट वेगळी. आसामपासून व्हिएतनाम आणि इंडोनेशियापर्यंत ही झाडे होतात. निरोगी झाडाचे लाकूड पांढुरके, हलके आणि जवळजवळ बिनवासाचे असते. झाडाला जखम झाली, किडीने पोखरले, बुरशी शिरली, की ते स्वतःच्या रक्षणासाठी राळ तयार करते. ही राळ मुरलेले काळपट लाकूड म्हणजे अगरू. ते इतके जड होऊ शकते की पाण्यात बुडते. ‘जिनको’ या शब्दाचा अर्थच बुडणारा सुगंध असा आहे. त्यातली सर्वांत उंची जात ‘क्यारा’. ती व्हिएतनामातून येते आणि सोन्याहून महाग विकते. आपल्याकडे हे ज्ञान नवे नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चंदन आणि अगरू यांच्या जाती व गुण नोंदलेले आहेत.

जपान्यांनी अगरूचे सहा वर्ग पाडले. त्यांतल्या काहींची नावे सयाम, सुमात्रा अशा प्रदेशांवरून आली. त्यांचा वास सांगण्यासाठी त्यांनी पाच चवी योजल्या: गोड, आंबट, तिखट, खारट आणि कडू. आपल्या षड्रसांतला तुरट तेवढा त्यांत नाही. वासाला स्वतःचे शब्द थोडे असतात. तो नेहमी जिभेकडून उसने घेतो.

पंधराव्या शतकात, अशिकागा योशिमासा या शोगुनच्या काळात, सानजोनिशी सानेताका आणि शिनो सोशिन यांनी या आस्वादाला शास्त्राचे रूप दिले. त्याला ‘कोओदो’ म्हणतात, म्हणजे सुगंधाचा मार्ग. त्यात लाकूड जाळत नाहीत. पेल्यातल्या राखेत पेटता कोळसा पुरतात, वर अभ्रकाची चकती ठेवतात आणि तिच्यावर लाकडाची बारीकशी कपची. कपची तापते, पण धूर करीत नाही. पेला डाव्या तळहातावर घ्यायचा, उजव्या हाताने झाकायचा आणि तीनदा श्वास घेऊन पुढच्याकडे द्यायचा. या क्रियेला जपानी भाषेत सुगंध ‘ऐकणे’ म्हणतात. शब्द विचित्र वाटेल. परंतु एखादा माणूस बोलत असताना मध्ये तोंड न घालता त्याचे म्हणणे समजून घेणे, हे जसे ऐकणे, तसेच हे.

यात खेळही आहेत. ‘गेंजिको’ नावाच्या खेळात पाच प्रकारच्या लाकडांच्या प्रत्येकी पाच पुड्या करतात आणि पंचविसांतून पाच उचलतात. त्या क्रमाने ऐकून कोणती कोणासारखी होती, एवढेच सांगायचे. सगळ्या सारख्या असतील, सगळ्या निरनिराळ्याही असतील. एकंदर ५२ शक्यता निघतात. प्रत्येकीला एक आकृती आहे आणि ‘गेंजी’ या प्रसिद्ध कादंबरीच्या ५४ प्रकरणांपैकी पहिले व शेवटचे सोडून एकेकाचे नाव आहे.

येथे कोणी विचारील, क्यारा सोन्याहून महाग, मग आम्हा सामान्यांना याचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो साध्या काडीतून आहे. जपानी काडीला ‘सेनको’ म्हणतात. तिच्यात बांबू नसतो. सुगंधी भुकटी ‘ताबू’ नावाच्या झाडाच्या सालीच्या चिकट पुडीत मळून तिच्या शेवया पाडतात आणि वाळवतात. आपल्या उदबत्तीतली जिगट याच कुळातल्या झाडाच्या सालीपासून करीत आले आहेत. सेनकोत बांबू जळल्याचा वास मिसळत नाही, म्हणून मसाला नीट कळतो. आणि तो मसाला पाहा: लवंग, दालचिनी, जटामांसी, चक्रीफूल, लोबान, भीमसेनी कापूर. अर्धे आपल्या स्वयंपाकघरातले, अर्धे काष्ठौषधींच्या दुकानातले!

निवड कशी करावी? आरंभ चंदनाच्या साध्या काडीने करावा. तो वास आपल्या ओळखीचा असल्यामुळे जपानी कारागिराने त्यात काय घातले, ते चटकन कळते. नंतर अगरूची काडी घ्यावी. ती पहिल्या दिवशी औषधासारखी कडवट वाटेल. आठ दिवस देऊन मग मत बनवावे. न पेटवलेली काडी हुंगून फसू नये. चंदन गारही बोलते. अगरूला ऊब लागते. डब्यावरच्या नावाला भुलू नये. स्वस्त डब्यावर ‘क्यारा’ लिहिलेले असले, तरी आत क्यारा असेलच असे नाही; त्याचा भावच साक्ष देतो. एका वेळी एकच काडी, तीही हवी तर अर्धी मोडून लावावी, आणि खिडकी किलकिली ठेवावी. धूर शेवटी धूरच. कोंडलेल्या खोलीत तो छातीला चांगला नाही. जेवताना लावू नये. ताटाचा वास हा ताटाचा हक्क आहे. आणि सर्वांत गोड क्षण काडी विझल्यानंतरचा. थोडे बाहेर जाऊन पुन्हा खोलीत यावे. धूर गेलेला असतो, सुगंध राहिलेला असतो.

परंतु निवड येथे संपत नाही. हे लाकूड येते कोठून? रानातल्या थोड्याच झाडांत राळ असते, आणि कोणत्या झाडात आहे हे बाहेरून सहज कळत नाही. म्हणून शोधणारे निरोगी झाडेही तोडत गेले. परिणामी १९९५ साली अगरूच्या एका प्रमुख जातीचा आणि २००५ पासून त्या वर्गातल्या सर्वच जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटिस कराराच्या परवान्याखाली आला. आज आसामात, व्हिएतनामात अगरूची लागवड होते आणि झाडाला मुद्दाम जखम करून राळ आणवतात. चंदनाचेही तसेच. टिपूने १७९२ साली ते राजवृक्ष ठरवले. पुढे दोन शतके शेतकऱ्याच्या बांधावर उगवलेले चंदनही सरकारचेच राहिले. मग ते झाड जपणार कोण? कर्नाटकाने २००१ साली जमीनधारकाला त्याची मालकी दिली, तेव्हा कोठे लागवडीला उत्साह आला. लागवडीचे लाकूड वापरलेली काडी मागणे, हे गिऱ्हाइकाच्या हातातले काम आहे.

आणि काडी वळणारे हात? आपल्या देशात हे काम बहुतेक बाया करतात, पुष्कळशा घरी बसून, हजार काड्यांमागे ठरलेल्या दराने. काडीची किंमत करताना चंदनाचा भाव आपण विचारतो. तो दरही विचारावा.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. घड्याळे दुर्मीळ होती तेव्हा जपानात काडीवर वेळ मोजत. गेइशांच्या बैठकीचा मोबदला जळालेल्या काड्यांवर ठरे, आणि त्या पैशाला ‘सेनकोदाई’ म्हणजे काडीचा दाम म्हणत. झेन मठातला साधकही एक काडी जळेपर्यंत ध्यानाला बसे. काडी तीच, एकीकडे विकलेला वेळ, दुसरीकडे स्वतःचा. आपल्याला भाषणांतून नेहमी सांगतात की चंदनासारखे झिजावे. आम्ही म्हणतो, झिजणे आपल्या वाट्याला आहेच. पण दिवसातून एक काडीभर वेळ, लहान काडी असेल तर अर्ध्या तासाचा, कोणालाही न विकता स्वतःसाठी राखावा आणि त्यात शांतपणे सुगंध ऐकावा. आठ तासांच्या लढ्यात मागितलेल्या तिसऱ्या वाट्यात तो अर्धा तास होताच.