शिलालेखातील अक्षर : ‘ऑप्टिमा’ आणि देवनागरी
(कंग्राळी येथील भाषणाचा मजकूर)

बेळगावलगतच्या कंग्राळीचे नाव दगडावर कोरावयास घेतले, की कारागिराची परीक्षा सुरू होते. ‘क’वरील अनुस्वार, ‘ग्र’मधील तिरपी रेघ आणि ‘ळ’च्या दोन वाटोळ्या पोकळ्या यांना पुरेशी जागा न मिळाल्यास काही पावसाळ्यांत तेथे धूळ साचते व शब्द बुजू लागतो. गावाचे नाव अंदाजानेही वाचता येईल. परंतु धारातीर्थी पडलेल्या जवानाचे नाव अंदाजाने वाचावे लागणे हा त्याचा सन्मान नव्हे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे. अशा परिसरात स्मृतिशिलेवरील अक्षराचा विचार केवळ शोभेसाठी नाही.

या दृष्टीने ‘ऑप्टिमा’ या रोमन मुद्राक्षराचा इतिहास उद्बोधक आहे. जर्मन अक्षरकार हेरमान त्साफ यांनी 1950 साली फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये जुन्या थडग्यांवरील अक्षरे पाहिली. जवळ कागद नसल्याने त्यांनी त्यांची रेखाटने चक्क इटालियन नोटेवर केली. त्यांवरून सिद्ध झालेले मुद्राक्षर फ्रांकफुर्टच्या श्टेंपेल ओतशाळेने 1958 साली प्रसिद्ध केले. काही रोमन अक्षरांच्या टोकांना आडवे पाय असतात, तर काहींना ते मुळीच नसतात. ऑप्टिमाला असे पाय नाहीत. मात्र तिचा उभा दंड मध्ये किंचित बारीक असून टोकांकडे हळूहळू रुंदावतो. त्यामुळे अक्षर साधे राहूनही रुक्ष होत नाही. वॉशिंग्टन येथील व्हिएतनाम युद्धस्मारकावर 1982 पासून काळ्या पाषाणावर कोरलेली 58,000 हून अधिक नावे याच अक्षरात आहेत. तेथे अक्षर स्वतःकडे लक्ष वेधीत नाही. नाव पुढे येते.

या गुणाला मर्यादाही आहे. खरबरीत कागदावर, बारीक आकारात, दंडाचा तो सूक्ष्म फुगवटा शाईत हरवतो. म्हणजे एकच अक्षर सर्वत्र उपयोगी पडत नाही.

देवनागरीने ऑप्टिमाची नक्कल करण्याचे कारण नाही. तिरप्या कापलेल्या बोरूने आपल्या लिपीला जाड-बारीक रेषेचे वळण पूर्वीच दिलेले आहे. जावजी दादाजी यांच्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी घडविलेल्या खिळ्यांत ते वळण धातूत उतरले. घ्यावयाचा तो धडा इतकाच, की अक्षर साधन आणि पृष्ठभाग ओळखून घडवावे.

आज यंत्राने अक्षरे थोड्या वेळात कोरता येतात. परंतु पुस्तकासाठी आखलेले अक्षर तसेच मोठे करून दगडावर उतरविल्यास त्यातील बारीक सांधे दुबळे पडतात. म्हणून कोरण्यापूर्वी प्रत्येक नाव पूर्ण आकारात कागदावर काढावे, पोकळ्या मोकळ्या ठेवाव्यात, अनुस्वार व मात्रा शिरोरेषेपासून स्पष्ट सुटतील असे पाहावे आणि तो कागद दहा पावलांवरून वाचून घ्यावा. शेजारी कन्नड मजकूर असल्यास दोन्ही लिपींचे वळण आपापले राखून रेषेची जाडी तेवढी जुळवावी. कोरलेली चूक खोडता येत नाही. म्हणून ही दक्षता छिन्नी लावण्यापूर्वीच घेणे अगत्याचे आहे.