विद्यार्थ्यांच्या खानावळीचा हिशेब
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० साली निघाले, लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ साली. तेव्हापासून खेड्यांतील मुलेमुली ह्या दोन शहरांत शिकावयास येत आहेत. त्यापूर्वी कित्येक गावी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. त्यात मानहानी होती. परंतु कोणत्या वारी कोठे जेवावयाचे, हे ठरलेले असे.

आज वडील गावी बसून मोबाइलवरून मुलाच्या खात्यात पैसे धाडतात. सोय मोठी आहे. तथापि आपणांपैकी बहुतेकांचे उत्पन्न सोयाबीनचे. ते दसरा-दिवाळीच्या सुमारास एकदाच हाती येते. खानावळवाला मात्र दरमहा आगाऊ पैसे मागतो. म्हणून कार्तिकात भरलेले खाते फाल्गुनात रिते होते, आणि परीक्षा नेमकी तेव्हाच जवळ येते. मग मुलगा दोन वेळांच्या डब्याऐवजी एकाच वेळचा लावतो व घरी "जेवलो" म्हणून सांगतो. ह्या खोट्याबद्दल त्याला बोल लावण्याचे धैर्य मजपाशी नाही. विद्यार्थिदशेत मीही ते बोललो आहे.

मुलांच्या उधळपट्टीवर व्याख्याने पुष्कळ झाली. माझी सूचना निराळी आहे. पालकांनी दिवाळीतच एप्रिलअखेरपर्यंतचे भोजनाचे पैसे वेगळे काढून ठेवावेत व दर पहिल्या तारखेस तेवढेच धाडावेत. आपल्या मंडळाचे साहाय्यही गुणगौरवाच्या दिवशी शालीसह एकरकमी न देता, माघ ते चैत्र दरमहा विद्यार्थ्यांच्या खात्यात जमा व्हावे. शाल नसली तरी चालेल.